शिवी कशामुळे होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर काही शिव्या जशाच्या तशा लिहिल्या आहेत. त्यांच्याबद्दल बोलायचं आणि त्यांच्या जागी फुल्या टाकायच्या, असं करून काहीच कळत नाही. मात्र जिथे शब्दाशिवाय भागलं, तिथे तो टाळला आहे.

रागाचा शब्द आणि शिवी यांत फरक काय?

‘मूर्ख’, ‘आळशी’, ‘बेजबाबदार’ हे शब्द माणसाच्या वागण्याबद्दल बोलतात. ते लागतात, पण त्यांच्यावर वाद घालता येतो: मी आळशी नाही, काल रात्री अकरापर्यंत काम करत होतो. शिवीला असं उत्तर देता येत नाही, कारण ती वागण्याबद्दल काही बोलतच नाही. ती माणसाचा जन्म, त्याची आई, त्याची जात, त्याचं शरीर, घरातलं कुणाचं वैधव्य धरते. ज्यावर त्याचा काहीच इलाज नाही, नेमकं तेच. माझ्या मते शिवी ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण हीच आहे. शब्द किती घाण वाटतो, हा प्रश्न त्यानंतरचा.

काही शब्दांचा आवाजच शिवीसारखा असतो का?

थोडाफार. शिरी लेव्ह-आरी आणि रायन मॅके या संशोधकांनी २०२२ मध्ये हिंदी, हिब्रू, हंगेरियन, कोरियन आणि रशियन या भाषांतल्या शिव्या तपासल्या. य, र, ल, व यांच्यासारखे मऊ, वाहते आवाज शिव्यांमध्ये कमी आढळले. बनावट शब्द ऐकवले तेव्हाही, ज्यांत असे आवाज होते ते शब्द लोकांना शिवी वाटायचे कमी. आपल्याकडे ड, ढ, झ, भ यांचा शिव्यांतला वावर पाहिला की हे पटतं. पण हा नुसता कल आहे. ‘रांड’ र पासूनच सुरू होते आणि ‘झाड’, ‘भाकर’, ‘ढग’ यांनी कुणाचं काही बिघडवलेलं नाही.

दवाखान्यात जो अवयव चालतो, त्याचंच नाव कट्ट्यावर शिवी का?

आपण दोन शब्द ठेवलेत म्हणून. शरीराच्या आणि संभोगाच्या प्रत्येक गोष्टीला एक संस्कृतातून आलेला शब्द आहे, तो पाठ्यपुस्तकात आणि कोर्टात चालतो. दुसरा घराघरांत, शेतात, बाजारात वापरला गेलेला देशी शब्द आहे, तो ‘घाण’ ठरला. वस्तू एकच, अर्थ एकच. ‘नितंब’ कवितेत चालतो. ‘ढुंगण’ लहान मुलाचं असेल तर चालतं. त्याच्याही खालचा शब्द आला की जेवणाच्या टेबलावर सगळे गप्प. यात लाजेइतकाच शिक्षणाचा आणि वर्गाचा भाग आहे. ज्यांच्या तोंडी संस्कृत शब्द नव्हते त्यांची रोजची भाषाच अश्लील ठरली. गावाकडची बाई डॉक्टरला आपलं दुखणं नीट सांगू शकत नाही त्याचं एक कारण हे आहे. तिला माहीत असलेला शब्द तिथे उच्चारायची सोय नाही आणि जो चालतो तो तिला कुणी शिकवलेला नाही.

पूर्वीचे लोक तोंडाने स्वच्छ होते ना?

मुळीच नाही. याचा पुरावा दगडात कोरलेला आहे.

मुंबई, ठाणे, रायगड या पट्ट्यात आणि राज्यात इतरत्रही शिलाहार राजांच्या काळापासूनच्या काही उभ्या शिळा सापडतात. वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य, मध्ये लेख आणि तळाला एक गाढव आणि एक बाई, नको त्या अवस्थेत. या शिळांना गधेगाळ म्हणतात. राजाने देवळाला किंवा कुणाला जमीन दान दिली की दानाच्या अटी अशा शिळेवर कोरून ती शिळा उभी करत. चंद्रसूर्याचा अर्थ, ते आहेत तोवर हे दान चालेल. खालच्या चित्राचा अर्थ, जो मोडेल त्याच्या घरच्या बाईचं असं होईल. वाचता न येणाऱ्यालाही चित्र समजे.

मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा लेख शके ११०८ चा, म्हणजे इ. स. ११८७ चा आहे. दानाचा मजकूर संस्कृतात आहे. शेवटी धमकी द्यायची वेळ आली तेव्हा भाषा बदलते आणि लेख मराठीत येतो. जो कोणी हे शासन, म्हणजे राजाची ही आज्ञा, मोडेल त्याच्यावर सहकुटुंब वैद्यनाथ देवाचा कोप होवो, आणि ‘तेहाची माय गाढवे झविजे’.

जे क्रियापद आज एकही मराठी वर्तमानपत्र छापणार नाही, ते राजाच्या सहीशिक्क्याच्या मजकुरात होतं. तेव्हा ‘आमची भाषा आत्ता बिघडली’ हे म्हणणं खरं नाही. पण मला त्या ओळीत क्रियापदापेक्षाही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दान मोडणार कोण? जमिनीवर डोळा असलेला एखादा पुरुष, बहुधा अधिकारी किंवा पुढचा राजा. शिक्षा कुणाला? त्याच्या आईला. ती त्या व्यवहारात कुठेच नाही. आठशेहून अधिक वर्षं झाली, सिग्नलला गाडी घासल्यावर दोन पुरुष एकमेकांना जे ऐकवतात त्याची रचना अजून तीच आहे.

सगळ्या शिव्या आईबहिणीवरूनच का?

कारण पुरुषाची इज्जत त्याच्या घरातल्या बाईच्या शरीरात ठेवली आहे, असं समाजाने ठरवून टाकलं. एकदा ते मान्य केलं की त्याला दुखवायची सोपी जागा तीच.

‘साला’ पाहा. आज तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की मुलं एकमेकांना सहज म्हणतात. पण ‘तू माझा साला’ याचा अर्थ तुझी बहीण माझ्याकडे आहे. नात्याचा साधा शब्द शिवी झाला तो त्यातल्या हक्काच्या दाव्यामुळे. कोकणातल्या ‘आयचो घो’ मध्येही तेच. घो म्हणजे नवरा, त्यात वाईट काही नाही, आईच्या लग्नसंबंधाकडे बोट दाखवलं एवढंच, आणि तेवढं पुरतं. ‘शिंच्या’ हा सोवळ्यातल्या आजोबांच्या तोंडीही शोभून दिसणारा शब्द मुळात ‘शिंदळीच्या’ आहे, म्हणजे व्यभिचारिणीच्या पोरा.

‘रांड’ या शब्दाचं तर मला फार वाईट वाटतं. जुन्या मराठीत त्याचा एक अर्थ विधवा. दुसरा अर्थ वेश्या. नवरा मेलेली बाई आणि बाजारात बसलेली बाई यांना एकच शब्द, कारण दोघींवर ‘मालक’ नाही. ‘बोडकी’ म्हणजे केशवपन केलेली विधवा. ती क्रूर चाल गेली, शिवी राहिली.

बाईला थेट द्यायच्या शिव्या बघितल्या तर आणखी एक गोष्ट दिसते. ‘सटवी’ ही मुळात मूल जन्मल्यावर सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी नशीब लिहिणारी देवी, सटवाई. ‘आली भवानी!’ यातली भवानी कोण ते सांगायला नको. जिला नवरात्रात हात जोडतो, तिचंच नाव घरातल्या बाईने आवाज चढवला की तिच्यावर फेकायचं. जोरकस बाई देव्हाऱ्यात चालते, ओसरीवर चालत नाही.

पुरुषाला बाई म्हणणं हीही शिवीच: ‘बायल्या’, ‘बांगड्या भर’. आपल्याकडे आंदोलनं करणारे अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करतात आणि त्यात बायकाही पुढे असतात. तो फोटो दरवेळी पाहताना मला वाटतं, एकही शब्द न उच्चारता यांनी स्वतःलाच शिवी दिली.

प्रत्येक भाषेत असंच असतं का?

नाही. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात फ्रेंच बोलणाऱ्यांच्या सगळ्यात जड शिव्या म्हणजे चर्चमधल्या वस्तूंची नावं, कारण तिथे चर्चची सत्ता माणसाच्या घरापर्यंत पोचलेली होती. डच लोक रोगांच्या नावाने शिव्या देतात: कर्करोग, क्षय, टायफॉईड. समाज ज्याला घाबरतो किंवा ज्याला सोवळ्यात ठेवतो, तिथून शिवी निघते. पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गावंच्या गावं ओस पडायची तेव्हा आपल्याकडेही ‘तुला पटकी नेवो’ होतंच.

बायका शिव्या देत नाहीत, हे खरं का?

देतात. पण मराठी बायकांचं जुनं हत्यार शाप होतं. ‘मुडदा बशिवला तुझा’, ‘तळपट होवो’, ‘मेल्या’. ज्याच्या हातात मारायची ताकद नाही तो मरण चिंततो.

आणि एक दिवस असाही आहे जेव्हा त्या मनसोक्त शिव्या देतात. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी ही गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांच्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि हातवारे करत पलीकडच्या गावाला शिव्यांची लाखोली वाहतात. मधून ओढा वाहत असतो, वाद्यं वाजत असतात, बघायला गर्दी लोटते. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. या बायकांमध्ये प्रत्यक्षात वैर नसतं. वर्षभर तोंड बंद ठेवायचं ज्यांना शिकवलं, त्यांना एक दिवस सगळ्या गावासमोर तोंड उघडायची मुभा, असं मी त्याकडे पाहते.

शिमग्यात मग तीच शिवी पवित्र कशी होते?

पवित्र होत नाही, मोकळी सुटते. होळीभोवती पालथ्या हाताने बोंब मारायची, कोकणात फाका, म्हणजे शिवराळ आरोळ्या, घालायच्या, हे सगळं ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी. ‘शिमगा गेला तरी कवित्व राहतं’ ही म्हण लोकांनी उगीच केली नाही. दुसऱ्या आठवड्यात तीच बोंब एखाद्याच्या दारात मारली तर डोकी फुटतात. शब्दाचं शिवी होणं वेळेवर आणि जागेवर किती अवलंबून असतं याचं याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

‘च्यायला’ शिवी आहे का?

उगमाने आहे, वापराने राहिलेली नाही. ‘तुझ्या आईला’ याचा तो घासून उरलेला तुकडा. ते वाक्य अर्धवट आहे आणि पुढचं काय ते कुणी म्हणत नाही. आज बस चुकली तरी ‘च्यायला’. मी स्वतः वापरते. सासूबाईंसमोर वापरत नाही.

आमच्या कोल्हापुरात हे प्रेमाने म्हणतात, त्याचं काय?

प्रेमानेच म्हणतात. कोल्हापुरात दोस्त दोस्ताला ‘रांडच्या’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या आईबद्दल काही सुचवत नसतो. दोघांमध्ये अंतर उरलेलं नाही, एवढंच तो सांगतो. कोकणातली आजी नातवाला ‘मेल्या’ म्हणते आणि पुढ्यात जास्तीचा लाडू ठेवते. नागपुरात ‘काय बे’ हा नमस्कार आहे, पुण्यात त्याच दोन शब्दांवर भांडण होईल.

पण या सवलतीला अट आहे: दोघं बरोबरीचे हवेत आणि उलट म्हणायची मोकळीक दोघांना हवी. मुकादम मजुराला ‘प्रेमाने’ शिवी देतो तेव्हा मजूर ती प्रेमाने परत देऊ शकतो का? देऊ शकत नसेल तर ते प्रेम नाही.

म्हणूनच एकही घाण शब्द न वापरता अपमान होतो. सत्तरीचा शेतकरी खिडकीशी कागद घेऊन उभा असतो आणि आत बसलेला पंचविशीचा कारकून त्याला म्हणतो, ‘तू उद्या ये, सातबारा आण.’ मागच्या माणसाला लगेच ‘तुम्ही’. दोघांच्या कपड्यांत फरक आहे, एवढंच कारण. हे मी अनेकदा पाहिलंय आणि तो ‘तू’ मला कुठल्याही शिवीइतका जड वाटतो.

जातीचं नाव शिवी कसं होतं?

शब्द नुसता एका समाजाचं नाव असतो. त्या समाजाला शतकानुशतकं खालची कामं आणि वेशीबाहेरची जागा दिली की त्याचं नाव हीच दुसऱ्याला हिणवायची सोय होते. इथे कायदा स्पष्ट आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ नुसार अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी जातीवरून शिवीगाळ करणं हा गुन्हा आहे. शिवीगाळ करणारा स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल तर हे कलम लागतं, आणि शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. ‘लोकांच्या दृष्टीस’ या शब्दांवर बरेच खटले अडतात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना बोललेलं यात बसत नाही.

ज्यांना आपण कधीच असं बोलत नाही याची खात्री असते, त्यांनी आपल्या रोजच्या मराठीकडे पाहावं. फसवणाऱ्याला आपण ‘भामटा’ म्हणतो. बातम्यांचे मथळे सर्रास म्हणतात: ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’. भामटा हे महाराष्ट्राच्या चौदा विमुक्त जातींच्या यादीतलं एक नाव आहे. इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींचे कायदे करून सबंध समाजच्या समाज जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांना पोलिसांसमोर हजेरी लावायला लावली. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. मथळ्यांतून अजून पुसलेला नाही. त्या समाजातली मुलगी शाळेत जातीचा दाखला देते तेव्हा वर्गात काय होत असेल, याचा विचार उपसंपादकांनी एकदा करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘ठग’, ‘लबाड’, ‘फसवणारा’ हे शब्द आहेत की.

‘धेडगुजरी’ भाषा, ‘चांभारचौकशा’, हेही त्याच घरचे, दोन्हींत जातीचं नाव आहे. चांगले लेखक, प्राध्यापक, मराठीच्या शुद्धतेसाठी भांडणारे लोक हे शब्द सहज लिहितात आणि सिग्नलवरची शिवी ऐकून कानांवर हात ठेवतात. माझा क्रम उलटा आहे. सिग्नलवरची शिवी दोन मिनिटांत विरते. हे शब्द छापले जातात, शिकवले जातात.

शब्द बदलून काही होतं का?

कधी होतं, कधी नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जातिवाचक नावांच्या वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, समता नगर, भीम नगर, क्रांती नगर अशी. मला ते पटलं, कारण पत्ता सांगताना जात सांगायची सक्ती गेली. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणायचा प्रस्ताव पुढे केला, तेव्हा मात्र बायकांनीच कडाडून विरोध केला. बायको गेलेल्या पुरुषाच्या नावामागे काही लागत नाही, तर बाईच्या नावामागे काहीही का लागावं? ‘गं. भा.’ ही आदराची उपाधीसुद्धा तीच ओळख कपाळावर लिहिते. पत्त्यातून जात पुसली गेली तशी इथे ओळख पुसली गेली नसती, फक्त तिचं नाव गोड झालं असतं.

इंग्रजीत शिवी दिली तर तेवढी वाईट का वाटत नाही?

आईच्या भाषेतला शब्द आपण रागावलेल्या आवाजासकट, पाठीत बसलेल्या धपाट्यासकट शिकलेलो असतो. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषेच्या, इंग्रजी येणाऱ्या लोकांवर प्रयोग केला होता. निषिद्ध शब्द आणि लहानपणी ऐकलेल्या दटावण्या मातृभाषेत ऐकल्यावर त्यांच्या त्वचेवर घामाची प्रतिक्रिया जास्त दिसली. पुण्यातल्या ऑफिसात एफने सुरू होणारा शब्द मीटिंगमध्ये खपतो आणि त्याचाच मराठी अर्थ कुणी उच्चारला तर एचआरकडे तक्रार जाते, ते यामुळेच.

शिवी दिल्यावर बरं वाटतं, हे खरं आहे?

हो. ब्रिटनमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला लावला. साधा शब्द उच्चारताना सोसली त्यापेक्षा शिवी उच्चारताना त्यांनी जास्त वेळ कळ सोसली. हा अभ्यास २००९ चा. पुढे त्यांनी शिवीसारखे वाटणारे बनावट शब्दही देऊन पाहिले, त्यांचा उपयोग झाला नाही. जे उठता-बसता शिव्या देतात त्यांना फायदा कमी होतो, असंही आढळलं. पक्षाघातानंतर ज्यांना वाक्य जुळवता येत नाही, अशा काही रुग्णांच्या तोंडून शिवी मात्र स्पष्ट निघते. घरच्यांना तेव्हा लाज वाटते. वाटू नये. तो रुग्णाचा स्वभाव उघडा पडत नसतो, मेंदूचा जो भाग शाबूत आहे तो बोलत असतो.

शिवी दिली म्हणून पोलीस पकडतात का?

प्रसंगावर आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील बोलण्यासाठी कलम २९६, शांतता भंग व्हावी अशा हेतूने केलेल्या अपमानासाठी ३५२ आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी ७९ आहे. नुसतं शिवराळ बोलणं म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एका वेब मालिकेच्या प्रकरणात म्हटलं आहे.

दंड लावून शिव्या बंद होतात का?

अहिल्यानगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: शिवी दिली तर ५०० रुपये दंड. मला त्यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. त्या ठरावामागचं कारण महत्त्वाचं वाटतं. भांडण पुरुषांचं आणि अपमान आईबहिणीचा, हे गावाने चावडीवर मोठ्याने म्हटलं. परळच्या शिळेवर सरकारने आईला ओढलं होतं, इथे एका ग्रामपंचायतीने तिला त्यातून बाहेर काढायचं ठरवलं.

पहिलीतल्या मुलाने व्हॅनमधून शिवी उचलून आणली. काय करावं?

हसू नका आणि मारू नका. दोन्हींमुळे त्याला कळतं की हा शब्द फार जोरदार आहे. त्याला अर्थ माहीत नसतो, मोठ्या मुलांनी म्हटल्यावर सगळे खिदळले एवढंच त्याने पाहिलेलं असतं. ‘हा शब्द कुणाच्या तरी आईला लागतो, म्हणून आपण म्हणत नाही’ इतकं पुरतं. राग काढायला दुसरे शब्द द्या, नुसतं ‘बोलू नकोस’ म्हणून राग जात नाही. आठवी-नववीतल्या मुलाशी मात्र अर्थासकट बोला. तो शब्द कुणावर पडतो, हे त्यालाच विचारा.

आणि त्याने कुणाला जातीवरून चिडवलं असेल, किंवा त्याला कुणी चिडवलं असेल, तर ‘पोरांचं भांडण’ म्हणून सोडून देऊ नका. वर्गशिक्षकांना भेटा, काय झालं ते तारीख आणि शब्दांसकट लेखी द्या, मुख्याध्यापकांची पोच घ्या. तुमच्या मुलाकडून झालं असेल तर त्या दुसऱ्या मुलाच्या घरी त्याला घेऊन स्वतः जा.